ठाणे-नवी मुंबईच्या स्थानकांवरचं पत्र्याचं छप्पर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेल्वे, मेट्रो, बस आणि रिक्षा एकाच ठिकाणी मिळावी, अशी केंद्रं आपल्या भागात वाढत चालली आहेत. ठाण्यात स्टेशनबाहेर सॅटिस, म्हणजे बसगाड्यांसाठीचा उंच डेक आहे. नवी मुंबईत बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली आणि २०२४ च्या जानेवारीत लोकल उरणपर्यंत गेली. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. राहते कळव्यात, ऑफिस रबाळ्याला, आणि काम मुख्यतः लोखंडी कैच्या (छपराचा भार पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी) आणि पत्र्याच्या छपरांचं. प्रवाशांनी, सोसायटीतल्या मंडळींनी, विद्यार्थ्यांनी आणि क्वचित एखाद्या नगरसेवकाने मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत.

एवढं मोठं स्थानक बांधायचं, तर पत्रा कशाला? सरळ स्लॅब का घालत नाहीत?

वजनामुळे. पाच इंची काँक्रीट स्लॅबचं वजन प्रत्येक चौरस मीटरला ३०० किलोच्या वर जातं. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा तेवढ्याच जागेत जेमतेम ५ किलो भरतो. पर्लिन (पत्रा ज्यांवर बसतो ते कैच्यांवरचे आडवे लोखंडी दांडे) आणि कैच्या धरूनही लोखंडी छप्पर स्लॅबच्या पासंगाला पुरत नाही. वजन कमी म्हणजे खांब कमी आणि पाया लहान. फलाटावर खांब कमी असले की सकाळी साडेआठच्या गर्दीत माणसांना हलायला जागा मिळते.

दुसरं कारण मेगाब्लॉकचं. चालू रुळांवर बांधकामाला रविवारचे किंवा रात्रीचे मोजके तास मिळतात. कारखान्यात तयार झालेली कैची त्या वेळात क्रेनने उचलून बोल्टांवर बसवता येते. रुळांवर स्लॅब ओतायचा तर खाली टेकू लावावे लागतील आणि गाड्या थांबवाव्या लागतील.

स्लॅबचीही जागा आहेच. वाशी, बेलापूर ही स्थानकं सिडकोने वर कार्यालयं घेऊन बांधली. तिथे काँक्रीटला पर्याय नव्हता. सॅटिसचा डेक बसचं वजन घेतो, तोही काँक्रीटचाच हवा. फक्त ऊन-पावसापासून आडोसा हवा असेल तिथे पत्रा योग्य.

'शाश्वत छप्पर' म्हणजे सोलर लावलेलं छप्पर का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, आणि माझं उत्तर बऱ्याच जणांना पटत नाही. माझ्या मते शाश्वत छप्पर म्हणजे पन्नास वर्षं टिकणारं छप्पर. सोलर त्यानंतर.

साधा हिशेब मांडते. भारतात एक टन पोलाद बनवताना सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. समजा एका छपरात चौरस मीटरमागे कैच्या-पर्लिनचं ३५ किलो आणि पत्र्याचं ५ किलो, असं ४० किलो पोलाद लागलं. म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो कार्बन पहिल्याच दिवशी खर्च झाला. आता तो पत्रा खाडीच्या हवेने दर दहा वर्षांनी बदलावा लागला, तर पन्नास वर्षांत आणखी २० किलो पोलाद लागेल. शिवाय नवे स्क्रू, नवं इन्सुलेशन, नवे मेगाब्लॉक. आणि गळतीने कैचीच गंजली तर ३५ किलोचा मोठा हिस्साही गेला. त्यामुळे पहिलं काम सांगाडा वाचवायचं, दुसरं पत्रा टिकवायचं.

पोलाद घेताना विचारण्यासारखी एक गोष्ट आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर ते पोलाद हरित, आणि किती कमी त्याप्रमाणे तीन, चार किंवा पाच तारे. सार्वजनिक कामाच्या निविदेत ही अट घालायला आता सोयीस्कर मोजमाप आहे. ती घालावी, असं मला कळकळीने वाटतं. भंगारातून वितळवलेल्या पोलादाचं उत्सर्जन खनिजापासून केलेल्यापेक्षा खूप कमी असतं. ॲल्युमिनियमच्या बाबतीत तर भंगार वितळवायला नव्या धातूच्या मानाने सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. पत्र्याचं छप्पर उतरवल्यावर विकलं जातं, फेकलं जात नाही. कोणत्याही भंगारवाल्याला विचारा.

खाडीजवळ पत्रा खरंच किती वर्षं टिकतो?

कोणता पत्रा, यावर आहे. पन्हळी लोखंडी पत्रा १८२९ सालचा, लंडनचा. त्यावर जस्ताचा मुलामा चढवण्याची पद्धत १८३७ पासूनची. आपण ज्याला 'जी.आय. पत्रा' म्हणतो, तो अजून त्याच तत्त्वावर चालतो: जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं.

आता झीज मोजू. हवा धातूला किती खाते, त्याचे आंतरराष्ट्रीय वर्ग ठरलेले आहेत. खारट, दमट किनाऱ्याचा वर्ग सी-५. तिथे जस्त वर्षाला ४ ते ८ मायक्रॉन झिजतं (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बाजारातल्या चांगल्या जी.आय. पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असतं, म्हणजे एका बाजूला जेमतेम २० मायक्रॉन. भागाकार तुम्हीच करा. नुसता जी.आय. पत्रा अशा हवेत अडीच ते पाच वर्षांत आपलं कवच गमावून बसतो.

ठाण्याहून नवी मुंबईत जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकल मार्गाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे आणि पलीकडे खाडी. पूर्वेला एमआयडीसीचा पट्टा. मीठ एका बाजूने आणि कारखान्यांचा धूर दुसऱ्या बाजूने. वाशी तर पुलाच्या तोंडावरच. ठाण्याचं स्टेशनही कोपरी-कळव्याच्या खाडीपासून दूर नाही. इथल्या छपरासाठी मी सी-५ धरूनच चालते.

मग काय वापरायचं? निदान ॲल्युमिनियम-जस्त मुलाम्याचा पत्रा, ज्याला सगळे गॅल्व्हल्यूम म्हणतात. त्यात ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन. १९७२ पासून हा बाजारात आहे. मुलाम्याची जाडी जी.आय. इतकीच, पण ॲल्युमिनियम ढालीसारखं काम करतं आणि कापलेल्या कडेला जस्त लोखंडासाठी झिजतं. त्यामुळे तो जी.आय.च्या दुप्पट ते चौपट टिकतो. त्यावर पीव्हीडीएफ, म्हणजे उन्हात जास्त टिकणारा रंग हवा. साधा पॉलिस्टर रंग आपल्या उन्हात काही वर्षांत फिका पडून हाताला पांढरी भुकटी लागते.

हमीपत्र मात्र बारीक अक्षरांसकट वाचा. किनाऱ्यापासून ठरावीक अंतराच्या आत हमी लागू नाही, असं बऱ्याच हमीपत्रांत लिहिलेलं असतं, आणि नेमकं आपलं स्थानक त्या अंतरात बसतं.

छपराची वरची बाजू चांगली दिसते, पण फलाटावरून वर पाहिलं की गंज दिसतो. असं का?

या प्रश्नासाठी तर मी हे पान लिहायला घेतलं.

वरच्या बाजूला जे मीठ बसतं ते जून ते सप्टेंबर पाऊस धुऊन नेतो. खालच्या बाजूला पाऊस पोचत नाही. खाडीवरून येणारी खारट, ओलसर हवा वळचणीखाली शिरते, मीठ पत्र्याच्या पोटाला आणि पर्लिनच्या कोनाड्यात बसतं आणि तिथेच राहतं. हवेतला ओलावा शोषून ते रात्रभर ओलं असतं. त्यात कबुतरांची विष्ठा, रुळांवरची लोखंडी धूळ. चारही बाजूंनी उघड्या छपराचं आयुष्य बहुतेक वेळा पोटाकडून संपतं.

तरी निविदांमध्ये वरच्या रंगाची जाडी काटेकोर लिहिलेली असते आणि खालच्या बाजूला पातळ 'बॅक कोट' चालतो. बंदिस्त कारखान्याला ते चालेल. फलाटाला चालत नाही. दोन्ही बाजूंना सारखा रंग मागा. पर्लिन 'सी' किंवा 'झेड' आकाराच्या असतील तर धूळ साठेल असा खोबणीचा भाग वर उघडा राहू देऊ नका. शक्य असेल तिथे बंद गोल किंवा चौकोनी नळ्या वापरा. त्यांच्यावर मीठ साठायला जागाच कमी असते आणि कबुतराला बसायलाही. आणि वर्षातून दोनदा पोटाची बाजू गोड्या पाण्याने धुवा. एवढ्या साध्या कामाने आयुष्य किती वाढतं, हे मी एका छपराच्या धुतलेल्या आणि न धुतलेल्या अर्ध्या भागात शेजारी-शेजारी पाहिलं आहे.

मग सरळ ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टील का नको?

पैसे असतील तर जरूर. जपानमधला कान्साई विमानतळ समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर आहे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या त्या टर्मिनलचं छप्पर सुमारे ८२ हजार स्टेनलेस स्टीलच्या तुकड्यांचं आहे, आणि छप्पर वळणदार असूनही तुकडे सगळे एकसारखे. वास्तुरचनाकार रेन्झो पियानो यांनी भूमितीच अशी निवडली की एकच साचा पुरावा. मला त्यातलं हे दुसरं जास्त मोलाचं वाटतं. एकसारखे तुकडे म्हणजे कापाकापी कमी, वाया जाणारं कमी, आणि वीस वर्षांनी एक तुकडा बदलायचा झाला तर तो सहज मिळतो.

आपल्याकडे मोठ्या स्थानकाला ०.९ मिलिमीटरचा ॲल्युमिनियम स्टँडिंग सीम पत्रा (ज्याच्या कडा उभ्या घडीने एकमेकींत अडकवतात) हा मधला, समंजस मार्ग आहे. एक पथ्य मात्र पाळा. वेगवेगळे धातू एकमेकांना थेट भिडू देऊ नका. तांब्यावरून आलेलं पाणी ॲल्युमिनियमला आणि गॅल्व्हल्यूमला भोकं पाडतं. एसीच्या पाण्याचा नळ छपरावर सोडून दिलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. कॉइल तांब्याची, त्यावरून ठिबकणारं पाणी थेट पत्र्यावर. ओलं सिमेंटही तसंच वाईट. भिंतीला पत्रा टेकतो तिथे गिलावा करणाऱ्या गवंड्याला आधी सांगून ठेवा.

उन्हाळ्यात पत्र्याखाली भाजून निघतं. त्यावर उपाय काय?

मी कळव्याच्या चाळीत पत्र्याखाली वाढले, त्यामुळे मे महिन्याची दुपार मला पुस्तकातून शिकावी लागली नाही.

चकाकणारा उघडा पत्रा थंड राहील असं वाटतं, पण तसं होत नाही. तो ऊन परावर्तित करतो खरा, पण जी उष्णता आत घेतो ती बाहेर टाकायला फार वेळ लावतो. पांढरा किंवा फिकट रंगाचा पत्रा ऊनही परतवतो आणि साठलेली उष्णताही झपाट्याने आकाशाकडे सोडतो. म्हणून फिकट रंग. गडद निळं किंवा विटकरी छप्पर चित्रात उठून दिसतं, पण दुपारी साठ-सत्तर अंशांवर जातं आणि ती धग खालच्या माणसाच्या डोक्यावर येते.

उघड्या फलाटावर एसी नसतो, तेव्हा तिथे इन्सुलेशनचं खरं काम ही धग अडवणं. ५० मिलिमीटर रॉकवूल आणि खाली चकाकता फॉइल, एवढ्याने डोक्यावरचा ताप लक्षात येण्याइतका कमी होतो. फोमचे सँडविच पॅनेल उष्णता जास्त चांगली अडवतात, पण हजारो माणसं जिथे दाटीने उभी राहतात तिथे मी रॉकवूलच निवडते. तो दगडापासून बनतो आणि जळत नाही.

बाकी काम हवेचं. आढ्याला फट ठेवा, म्हणजे गरम हवा वरून निघून जाईल आणि खालून खाडीकडचा वारा आत येईल. आपल्या आजोबांची कौलारू घरं याच तत्त्वावर थंड राहत. छप्पर उंच हवं, पण फार उंच केलं तर पाऊस तिरका आत येतो. हे दोन्ही सांभाळायचं तर कडा लांब खाली आणून मधलं आढं उंच ठेवावं.

पावसात पत्र्याचा इतका आवाज होतो की गाडीची घोषणा ऐकू येत नाही.

त्यावरही रॉकवूलच. पत्रा ताशासारखा वाजतो, कारण तो पातळ आणि ताणलेला असतो. त्याच्या पोटाला घट्ट भिडवून रॉकवूल लावलं की कंपनं दबतात. खाली बारीक भोकांचा पत्रा लावला तर गर्दीचा आणि गाडीचा आवाजही शोषला जातो. अंध प्रवाशाला घोषणा हाच आधार असतो. म्हणून या खर्चाला मी शोभेचा खर्च मानत नाही. फक्त रॉकवूल भिजू देऊ नका. भिजला की तो उष्णता अडवत नाही आणि पत्र्याला आतून ओलं ठेवतो.

दर पावसाळ्यात स्थानकात पाणी गळतंच. चूक पत्र्याची की आणखी कशाची?

बहुतेक वेळा पन्हळीची. साइटवर तिला गटर म्हणतात.

पन्हळीचं माप दिवसभराच्या पावसावर ठरत नाही. ते काही मिनिटांच्या सरीवर ठरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे सगळ्यांना आठवतं. त्यातल्या एकाच तासात सुमारे १९० मिलिमीटर कोसळला होता, हे छपरासाठी जास्त महत्त्वाचं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. हजार चौरस मीटरच्या छपरावर तशी सर आली तर सेकंदाला ५० लिटरपेक्षा जास्त पाणी पन्हळीत येतं. दर सेकंदाला अडीच बादल्या.

शक्य तोवर पन्हळ छपराच्या बाहेरच्या कडेला ठेवा. ती तुंबली तर पाणी बाहेर सांडेल. दोन उतारांच्या मधली, स्थानकाच्या पोटात असलेली पन्हळ तुंबली की पाणी थेट माणसांवर, तिकीट यंत्रांवर आणि सरकत्या जिन्यांवर. रचनेमुळे मधली पन्हळ टळत नसेल तर ती माणूस चालू शकेल इतकी रुंद हवी, आणि तिला ठरावीक उंचीवर ओसंडून बाहेर जायची वाट हवी, म्हणजे तुंबल्याचं बाहेरून दिसेल.

तुंबते कशाने? आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये सोनमोहर फुलतो. त्या पिवळ्या फुलांचा थर, पिंपळाची पानं, प्लास्टिकच्या पिशव्या आणि पक्ष्यांची घरटी, हे सगळं पहिल्या सरीत एकदम नळाच्या तोंडाशी येतं. पन्हळीत उगवलेलं पिंपळाचं रोप दिसलं तर समजा, तिथे किमान वर्षभर कोणी चढलेलं नाही.

उतारही महत्त्वाचा. स्क्रूने बसवलेल्या पत्र्याला दहाला एक या उतारापेक्षा कमी मी कोकणपट्टीत देत नाही. स्टँडिंग सीमला कमी उतार चालतो, कारण त्याच्या उभ्या घड्या पाण्याच्या वर असतात आणि पत्र्याला भोकच नसतं. लांबच लांब अखंड पत्रा साइटवरच यंत्रातून काढला की आडवे जोडही उरत नाहीत.

छपरावरचं पाणी वापरता येईल का?

येईल, आणि यायलाच हवं. आपल्याकडे वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस धरला, तर ४ हजार चौरस मीटरच्या छपरावरून गळती-बाष्पीभवन वजा जाता ९० लाख लिटर पाणी मिळतं. पहिल्या सरींचं पाणी सोडून द्यायचं, कारण त्यात विष्ठा आणि धूळ असते. उरलेलं स्वच्छतागृहांना, फलाट धुवायला, बस धुवायला. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, हा अभिमानाचा विषय. ते पिण्याचं पाणी पावसाळ्यात फ्लशमध्ये ओतू नये.

जमिनीत मुरवण्याचा सल्ला सगळीकडे दिला जातो. खाडीकाठच्या भरावावर तो चालत नाही. तिथे हातभर खाली खारं पाणी असतं. त्यापेक्षा टाकीत धरा. त्याचा आणखी एक फायदा आहे. सिडकोने नवी मुंबईत धारण तलाव बांधले, ते भरतीच्या वेळी खाडीकडची झडप बंद असताना शहराचं पाणी साठवण्यासाठी. मोठ्या छपराचं पाणी चार-सहा तास टाकीत राहिलं तर तेवढा भार त्या तलावांवरून उतरतो.

वादळात पत्रे उडतात. मोठ्या छपराचं काय?

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते मुंबईजवळून गेलं. त्यामुळे ही भीती काल्पनिक नाही.

भारतीय मानकात मुंबई परिसरासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १६० किलोमीटर. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला जवळपास ११८ किलो होतो. पत्रा ५ किलोचा. वारा छपराला दाबत नाही, वर खेचतो. फलाट चारही बाजूंनी उघडा असल्याने खालूनही ढकलतो. कोपऱ्यांत आणि कडांना ही ओढ सर्वांत जास्त. त्यामुळे मधल्या भागातलं स्क्रूंचं किंवा क्लिपांचं अंतर कडेला चालत नाही. तिथे ते जवळजवळ हवेत. वादळानंतर मी पाहिलेल्या बहुतेक पडझडीत पत्रा फाटला नव्हता. कडेचे स्क्रू उपटले होते.

उन्हात पत्रा 'टणटण' वाजतो. धोका आहे का?

तो आवाज उन्हाने पत्रा लांबतो त्याचा. साठ मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा पहाटे २० अंशांवर आणि दुपारी ६५ अंशांवर असेल, तर सहा सेंटिमीटरहून जास्त लांबतो. पोलादी पत्रा त्याच्या निम्मा. ही वाढ रोज होते आणि रोज परत जाते. पत्रा स्क्रूने ठोकून बसवला असेल तर भोकं हळूहळू लांबट होतात, वॉशर सुटतो, पाणी शिरतं. लहानपणी बाबा दर मे महिन्यात छपरावर चढून प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर डांबर आणि गोणपाटाचा तुकडा लावत. इंजिनिअर झाल्यावर कळलं, ते दरवर्षी याच हालचालीशी झगडत होते.

मोठ्या छपराला म्हणूनच सरकत्या क्लिपा लागतात. पत्रा एका ठिकाणी पक्का धरायचा आणि बाकी लांबीभर मोकळा सरकू द्यायचा.

खाली सीएनजी बस उभ्या राहतात. छपराचा त्याच्याशी काय संबंध?

सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका. गळाला तर वर जातो आणि बंद आढ्यात साठतो. बसथांब्यावरच्या छपराला सर्वांत उंच जागी मोकळी फट असलीच पाहिजे आणि कप्पे करून गॅस अडकेल अशी खोटी सीलिंग नको.

पत्र्यामुळे वीज पडण्याची किंवा शॉक लागण्याची भीती आहे का?

पत्रा वीज ओढून घेत नाही. तो नीट अर्थिंगला जोडला असेल तर उलट तिला जमिनीत जायला वाट मिळते. रुळांवरच्या तारांत २५ हजार व्होल्ट असतात, म्हणून रेल्वे फलाटावरचा प्रत्येक धातूचा भाग अर्थ केलेला हवाच. पत्रा सुटून तारेवर पडला तर लोकल बंद पडते आणि जीवही जाऊ शकतो. कडेच्या स्क्रूंविषयी मी इतका आग्रह धरते त्याचं हेही एक कारण.

सोलर कधी लावावं?

छप्पर पुढची पंचवीस वर्षं हात न लावता टिकेल याची खात्री झाल्यावर. पॅनेलचं आयुष्य साधारण तेवढं असतं. त्याआधी पत्रा बदलायची वेळ आली तर सगळं उतरवून पुन्हा चढवावं लागतं.

एक किलोवॅटला सुमारे १० चौरस मीटर बिनसावलीची जागा लागते आणि वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला ४ युनिट मिळतात. हजार चौरस मीटरवर १०० किलोवॅट, वर्षाला दीड लाखाच्या थोडी खाली युनिट. जुलै-ऑगस्टमध्ये फार अपेक्षा ठेवू नका. स्टँडिंग सीमला पॅनेल चिमट्यांनी घडीवर धरता येतात, भोक पाडावं लागत नाही. स्क्रूच्या पत्र्याला भोकं पाडून पॅनेल लावणं मी टाळते.

नैसर्गिक उजेडासाठी पारदर्शक पत्रे चांगले ना?

चांगले, बेताने. दिवसा दिवे बंद राहिले तर विजेची चांगली बचत होते. पण स्वस्त पारदर्शक पत्रे उन्हाने पिवळे पडतात आणि ठिसूळ होतात. अतिनील किरणांपासून संरक्षक थर असलेलं पॉलिकार्बोनेटच घ्या.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. साफसफाईला चढलेला माणूस धुळीने माखलेला पारदर्शक पत्रा ओळखू शकत नाही. त्यावर पाय पडतो आणि तो खाली येतो. प्रत्येक पारदर्शक पट्ट्याखाली जाळी, छपरावर चालायची पक्की वाट आणि कमरेचा पट्टा अडकवायला कायमची तार, हे नकाशातच असलं पाहिजे. नंतर कोणी लावत नाही.

नवी मुंबई विमानतळासारखं देखणं छप्पर स्थानकांना का नको?

ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या त्या टर्मिनलची कल्पना कमळावरून घेतली आहे आणि रचना झाहा हदीद आर्किटेक्ट्सची. देखणेपणाला माझा विरोध नाही. रोज दोनदा ज्या जागेतून जायचं ती सुंदर असावी, हा प्रवाशांचा हक्क आहे. पण वळणं वाढली की जोड वाढतात, जोड वाढले की देखभाल वाढते. विमानतळाला तेवढी माणसं आणि पैसा असतो. बसथांब्याला नसतो. तिथे एका दिशेने वळणारा, एकसारख्या पत्र्यांचा साधा आकारही चांगला रचनाकार सुंदर करू शकतो.

देखभाल कधी करावी?

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पन्हळी साफ, ऑक्टोबरमध्ये पुन्हा. त्याच दोन वेळी पोटाची बाजू धुणं आणि स्क्रू तपासणं. छपरावर काहीही कापलं किंवा ड्रिल केलं तर लोखंडाचा कीस त्याच दिवशी झाडून काढायचा. एका आगाराच्या शेडवर हे राहून गेलं आणि पहिल्या पावसानंतर नव्याकोऱ्या पत्र्यावर तपकिरी ठिपके उठले. मी तपासणीला दोन दिवस उशिरा पोचले होते, ते मला अजून लागून आहे. वार्षिक खर्च मूळ निविदेतच दहा वर्षांसाठी बांधून घ्यावा.

आमच्या फलाटावर गळतं. तक्रारीत काय लिहू म्हणजे काम होईल?

जागा नेमकी लिहा: फलाट क्रमांक आणि जवळच्या खांबावरचा क्रमांक. मग कधी गळतं ते लिहा, कारण त्यावरूनच कारण कळतं. रिमझिमीतही एकाच बिंदूतून थेंब पडत असतील तर स्क्रूचं भोक मोठं झालंय. फक्त जोरदार सरीत धार लागत असेल तर पन्हळ तुंबली आहे किंवा अपुरी आहे. वारा असतानाच गळत असेल तर जोडावर पत्रे एकमेकांवर पुरेसे चढलेले नाहीत. पाऊस थांबल्यावर तासन्‌तास ठिबकत असेल तर इन्सुलेशन भिजलंय, आणि ही तक्रार लवकर करा, कारण वर पत्रा आतून सडतो आहे. डिसेंबरच्या पहाटे, पाऊस नसताना थेंब पडले तर ते दवाचं पाणी, गळती नाही. फोटो दोन काढा, एक जवळून थेंबाचा आणि एक लांबून, ज्यात खांबाचा क्रमांक दिसेल. दुरुस्तीला येणारा माणूस त्या दुसऱ्या फोटोवरून जागेवर पोचतो.